सर्व्हरची भरती, बदली आणि कार्यमुक्ती

दहावीच्या निकालाची वेळ जवळ येऊ लागली की गावोगावी भ्रमणध्वनीच्या पडद्यांवर बोटे फिरू लागतात. लाखो विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच मिनिटाला एकाच संकेतस्थळाचे दार ठोठावतात. वर्षाचे इतर दिवस त्या दारात तुरळकच वर्दळ असते. एका दिवसाच्या गर्दीला पुरतील इतके संगणक वर्षभर पदरी बाळगणे कोणत्याही खात्याला परवडणारे नाही आणि नेहमीच्या मोजक्या संगणकांवर तो दिवस निभावून नेणेही शक्य नाही. जत्रेपुरत्या जादा गाड्या सोडाव्यात आणि जत्रा पांगताच त्या आगारात परत न्याव्यात, तशी सोय संगणकांच्या बाबतीत करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे क्लाउड, अर्थात मेघसंगणन होय.

नावात मेघ असला तरी ही यंत्रणा जमिनीवरच्या भक्कम इमारतींतच असते. तेथे रांगेने मांडलेल्या हजारो यंत्रांपैकी एखाद्याचा काही भाग मागणी येताच भाड्याने दिला जातो आणि वापराच्या काळापुरतेच भाडे आकारले जाते. ॲमेझॉन या अमेरिकी कंपनीने असे संगणक भाड्याने देण्यास २००६ साली प्रारंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली. केंद्र शासनाने 'मेघराज' या नावाने २०१४ पासून हाच मार्ग शासकीय कामांसाठी खुला केला. त्यामुळे 'सर्व्हर बंद आहे' हे वाक्य ज्यांना वरचेवर ऐकावे आणि ऐकवावे लागते, त्या ग्राम महसूल अधिकारी, मुख्याध्यापक आणि सरपंच यांनी या सर्व्हरांची भरती आणि बदली कशी होते हे समजून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

दुरुस्ती नव्हे, बदली

कोणतीही मोठी सेवा एका सर्व्हरवर चालत नाही. अनेक सर्व्हर मिळून एकच काम करतात. त्यांना समूह किंवा क्लस्टर म्हणतात. समूहाच्या दाराशी भारवाटप करणारी यंत्रणा बसलेली असते. आलेली प्रत्येक मागणी ती कोणत्या तरी मोकळ्या सर्व्हरकडे वळविते आणि आत किती सर्व्हर आहेत याचा बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. एखादा सर्व्हर ठरावीक वेळाने विचारलेल्या 'ठीक आहेस ना?' या प्रश्नाला उत्तर देईनासा झाला की यंत्रणा त्याच्याकडे काम पाठविणे थांबविते.

येथे आपल्या नेहमीच्या सवयीपेक्षा वेगळी रीत आहे. कचेरीतील पंखा बिघडला तर आपण तो उघडून दुरुस्त करतो. समूहातील सर्व्हर बिघडला तर त्याला सहसा कोणी हात लावीत नाही. तो काढून टाकतात आणि त्याच साच्यातून काढलेला नवा सर्व्हर त्याच्या जागी उभा करतात. सुरक्षिततेसाठी मूळ आज्ञावली अद्ययावत करावयाची असली तरीही पुष्कळदा हेच केले जाते: सुधारलेला साचा तयार करून एकेक जुना सर्व्हर निवृत्त केला जातो. दुरुस्त्या साचत गेल्या की कोणत्या यंत्रात कोणी काय बदलले हे कोणालाच सांगता येत नाही. नव्या साच्यातून काढलेल्या यंत्रांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

हे काम हाताने करता येते. परंतु हाताने केलेल्या कामात एखादा सर्व्हर राहून जातो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हेच घडले. कंपनीच्या ८ सर्व्हरांवर नवी आज्ञावली चढवावयाची होती. तंत्रज्ञाने ती ७ सर्व्हरांवर चढविली. आठवा राहिला, आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासून पाहण्याची पद्धत तेथे नव्हती. बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवरील वर्षानुवर्षे न वापरलेली जुनी आज्ञावली जागी झाली आणि नको ते सौदे करीत सुटली. घाबरलेल्या कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवीच आज्ञावली उतरविली, त्यामुळे संकट आणखी वाढले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. हे सर्व्हर क्लाउडमधील नव्हते; पण आठांपैकी एक विसरू शकणारा माणूस आठशेंपैकी किती विसरेल, हा प्रश्न क्लाउडमध्येही तोच राहतो.

अंदाजपत्रक आणि जडसंग्रह नोंदवही

या कामासाठी जी स्वयंचलन साधने प्रचारात आली त्यांपैकी टेराफॉर्म, ॲन्सिबल आणि कुबरनेटीस ही तीन नावे वारंवार कानी पडतात. तिघांचे काम सारखे नाही. टेराफॉर्म सर्व्हर निर्माण करते आणि नष्ट करते. ॲन्सिबल निर्माण झालेल्या सर्व्हरमध्ये आवश्यक त्या आज्ञावल्या व व्यवस्था बसविते. कुबरनेटीस समूहातील कोणत्या सर्व्हरवर कोणते काम चालावे हे ठरविते.

२०१४ मध्ये आलेल्या टेराफॉर्मची पद्धत शासकीय कामकाज जाणणाऱ्या वाचकाला परकी वाटणार नाही. येथे 'अमुक करा, मग तमुक करा' असे सांगावयाचे नसते. अखेरीस काय असावे एवढेच एका धारिकेत लिहावयाचे: या प्रकारचे सर्व्हर, संख्या ५, या जाळ्यात. साधन प्रथम काहीही न करता अंदाजपत्रक सादर करते: इतके सर्व्हर नव्याने येतील, इतक्यांत बदल होईल, इतके नष्ट होतील. ते वाचून मान्यता दिल्यावरच प्रत्यक्ष काम सुरू होते. अंदाजपत्रकातील 'नष्ट होतील' हा आकडा सर्वांत आधी वाचावा, असे या कामात मुरलेले लोक सांगतात. एखादा किरकोळ वाटणारा बदल चालू सर्व्हरमध्ये करता येण्यासारखा नसेल तर साधन तो सर्व्हर पाडून नवा बांधण्याचे ठरविते. आणि वेगळी सूचना दिलेली नसेल तर आधी जुना पाडते, मग नवा बांधते. मधल्या काळात सेवा कोण देणार, हा विचार आज्ञा देणाऱ्याने करावयाचा असतो. 'आधी नवा उभा करा, मग जुना काढा' आणि 'हा सर्व्हर कोणत्याही परिस्थितीत नष्ट करू नका' अशा दोन्ही सूचना धारिकेत लिहून ठेवता येतात. माहितीसाठा असलेल्या यंत्राच्या बाबतीत दुसरी सूचना न लिहिणे म्हणजे निष्काळजीपणाच म्हटला पाहिजे.

आपण कोणते सर्व्हर निर्माण केले याची टेराफॉर्म एक नोंदवही ठेवते. कार्यालयातील जडसंग्रह नोंदवहीसारखीच ती असते आणि तिचे दुखणेही तेच आहे. कोणी तिला वगळून परस्पर एखादा सर्व्हर उभा केला तर तो तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो. आणि नोंदवहीच हरविली तर असलेले सारे सर्व्हर नाहीत असे समजून साधन पुन्हा पहिल्यापासून बांधावयास निघते. म्हणून ही नोंदवही एकट्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर न ठेवता सर्वांच्या सामाईक जागी, तिच्या जुन्या प्रतींसह आणि एका वेळी एकालाच लिहिता येईल अशा कुलुपात ठेवतात.

ॲन्सिबलविषयी थोडक्यात एवढेच सांगणे पुरे की तीच सूचनावली दोनदा चालविली तरी बिघडू नये, या बेताने ती लिहावयाची असते. जे आधीच केलेले आहे ते साधन वगळते. एका वेळी किती सर्व्हर हाती घ्यावेत आणि त्यांपैकी किती फसले तर काम थांबवावे, याचे आकडेही तिच्यात घालता येतात. पहिल्या सर्व्हरवर चुकलेले काम शंभराव्यापर्यंत पोचू नये, यासाठी हे दोन आकडे लाख मोलाचे आहेत.

कार्यभार सोपविल्यावाचून कार्यमुक्ती नाही

कुबरनेटीसमध्ये सर्व्हर निवृत्त करण्याची रीत बदलीच्या आदेशासारखी आहे. प्रथम त्या सर्व्हरला नवे काम देणे बंद केले जाते. हातातील काम मात्र तो करीत राहतो. मग त्याच्याकडील कामे एकेक करून तेथे थांबवितात आणि ती समूहातील इतर सर्व्हरांवर नव्याने सुरू होतात. अमुक सेवेच्या निदान इतक्या प्रती कोणत्याही क्षणी चालू असल्याच पाहिजेत, अशी अट आधीच घालून ठेवता येते. ती मोडत असेल तर साधन पुढचे काम हलविण्यास नकार देते आणि वाट पाहते. एखाद्या कामाने सर्व्हरच्या स्वतःच्या तबकडीवर तात्पुरता मजकूर ठेवला असेल तर साधन अडते व तो नष्ट झाला तरी चालेल अशी स्पष्ट संमती मागते. घाईत असलेला माणूस ती संमती न वाचता देतो, हेही तितकेच खरे.

सर्व कामे हलली की सर्व्हर मोकळा होतो आणि मगच त्याला समूहातून काढावयाचे. नव्याची रुजू होण्याची रीत याच्या उलट: तो उभा राहतो, त्याची तपासणी होते आणि तपासणीत उतरल्यावरच भारवाटप यंत्रणा त्याच्याकडे पहिली मागणी वळविते.

गणपूर्तीचे गणित

सगळेच सर्व्हर मात्र असे एकमेकांच्या जागी सहज चालणारे नसतात. समूहात काय आहे आणि काय नाही याची अधिकृत नोंद ठेवणारे थोडे सर्व्हर वेगळे असतात. कुबरनेटीससाठी हे काम बहुधा एटसीडी नावाचा माहितीसाठा करतो. त्याचे सदस्य साधारणतः ३ किंवा ५ असतात आणि कोणतीही नोंद बहुमत असल्याशिवाय पक्की होत नाही. पंचायत सदस्यांना गणपूर्ती समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. संगणकांच्या सभेला ही सवलत नाही. बहुमत नसेल तर एकही नवी नोंद होत नाही.

३ सदस्यांत बहुमत २ चे, म्हणजे एक गैरहजर राहिला तरी चालते. ५ मध्ये बहुमत ३ चे, म्हणजे दोन गैरहजर चालतात. ४ सदस्य केले तर? बहुमत ३ चे होते आणि गैरहजर एकच चालतो. सदस्य वाढला, सुरक्षितता वाढली नाही. उलट बिघडू शकणारे एक यंत्र वाढले. म्हणून ही संख्या विषम ठेवतात.

आता समजा, ३ पैकी एक सदस्य कायमचा बंद पडला. सर्वसामान्य बुद्धी सांगते की आधी नवा आणावा, मग मेलेल्याचे नाव कमी करावे. मघाशी टेराफॉर्मच्या संदर्भात 'आधी नवा' हीच सूचना हिताची ठरली होती. येथे तीच घातक ठरू शकते. नव्याचे नाव घालताच पटावरील संख्या ४ होते आणि बहुमतास ३ लागतात. जिवंत आहेत २. नवा सदस्य धडपणे सुरू झाला तर ठीक; पण त्याचा पत्ता लिहिण्यात एका अक्षराची चूक झाली आणि तो सभेला पोचलाच नाही, तर बहुमत हुकते. मग चुकीचे नाव काढण्याचा ठरावही संमत होऊ शकत नाही, कारण त्यालाही बहुमत लागते. याउलट मेलेल्याचे नाव आधी कमी केले तर पटावर २ आणि जिवंत २, काम चालू. मग नव्याचे नाव घातले की पटावर ३, बहुमत २ चे. नवा पोचला नाही तरी सभा मोडत नाही. एटसीडीच्या मार्गदर्शनात हाच क्रम सांगितलेला आहे. २०१९ मधील ३.४ या आवृत्तीपासून नव्या सदस्याला प्रथम मताधिकाराविना शिकाऊ म्हणून घेण्याचीही सोय झाली: सर्व जुन्या नोंदी त्याने उतरवून घेतल्या म्हणजे मग त्याला मत द्यावयाचे.

एका चुकलेल्या आकड्याची किंमत

साधने आली म्हणजे चुका संपल्या, असे नाही. हाताने एकेक सर्व्हर बंद करणारा माणूस तिसऱ्या सर्व्हरपाशी थबकतो आणि आपण काय करीत आहोत ते पाहतो. साधन थबकत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी उत्तर व्हर्जिनियातील ॲमेझॉनच्या केंद्रात याचा प्रत्यय आला.

तेथील एस थ्री ही सेवा असंख्य संकेतस्थळांची छायाचित्रे, कागदपत्रे व इतर धारिका सांभाळते. तिची देयके तयार करणारी यंत्रणा संथ चालत होती आणि कर्मचारी तिचा शोध घेत होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानुसार सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच एक आज्ञा दिली. त्या यंत्रणेशी संबंधित थोडे सर्व्हर काढावयाचे होते. आज्ञेतील एक तपशील चुकीचा भरला गेला आणि हेतू होता त्यापेक्षा बरेच अधिक सर्व्हर निघून गेले. त्यांत कोणती वस्तू कोठे ठेवली आहे याची सूची सांभाळणाऱ्या यंत्रणेचे सर्व्हर होते आणि नव्या वस्तूला जागा नेमून देणाऱ्या यंत्रणेचेही होते. दोन्ही यंत्रणा मुळापासून पुन्हा सुरू कराव्या लागल्या. सूचीवाचून गोदाम असावे, तशी अवस्था झाली: माल जागच्या जागी, पण सापडेना.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ११ वाजून ७ मिनिटे झाली होती. सेवा पूर्ववत होण्यास पश्चिम किनाऱ्याच्या त्याच घड्याळानुसार दुपारचे १ वाजून ५४ मिनिटे झाली, म्हणजे चार तासांहून अधिक काळ गेला. एवढा वेळ का लागावा? मोठ्या केंद्रांतील या यंत्रणा कित्येक वर्षांत मुळापासून कधी बंद करून सुरू केलेल्याच नव्हत्या. दरम्यान त्यांचा व्याप प्रचंड वाढला होता आणि सुरू होताना करावयाच्या तपासण्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज चुकला.

कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्या कर्मचाऱ्याचे नाव नाही, आणि ते योग्यच आहे. एका चुकलेल्या आकड्याने एवढे सर्व्हर काढू देणाऱ्या साधनाकडे बोट दाखविले गेले. ते साधन नंतर बदलण्यात आले: सर्व्हर आता सावकाश निघतात, आणि एखाद्या यंत्रणेला चालण्यास लागणाऱ्या किमान संख्येखाली ती जाणार असेल तर साधन आज्ञा पाळत नाही.

वाढविल्याने पडलेली सेवा

सर्व्हर काढण्यात धोका आहे हे पटते. ते वाढविण्यात कसला धोका, असे कोणीही विचारील. २५ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात किनेसिस ही सेवा सर्व्हर वाढविल्यामुळेच कोलमडली. सतत वाहत येणारी माहिती गोळा करून पुढे देणे हे या सेवेचे काम असून ॲमेझॉनच्या इतर कित्येक सेवा तिच्यावर विसंबलेल्या आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानुसार पहाटे २ वाजून ४४ मिनिटांनी दर्शनी फळीतील सर्व्हरांत थोडी वाढ करण्यास प्रारंभ झाला. एका तासाने, ३ वाजून ४७ मिनिटांनी काम पुरे झाले. ५ वाजून १५ मिनिटांनी धोक्याच्या सूचना येऊ लागल्या.

कारण शाळेतील गणिताएवढे सोपे होते, पण ते सापडण्यास कित्येक तास लागले. दर्शनी फळीतील प्रत्येक सर्व्हर इतर प्रत्येक सर्व्हरशी बोलण्यासाठी कामाचा एक स्वतंत्र धागा उघडून ठेवीत असे. त्यास थ्रेड म्हणतात. १० सर्व्हर असतील तर प्रत्येकाकडे ९ धागे, ११ झाले तर १०. म्हणजे एक नवा आला की वाढ केवळ त्याच्यापुरती राहत नाही. जुन्या प्रत्येकाच्या माथी एक धागा चढतो. एका संगणकात किती धागे उघडता येतील यावर त्याच्या मूळ आज्ञावलीची मर्यादा असते. त्या पहाटेच्या वाढीने ही मर्यादा ओलांडली गेली, आणि ती एका सर्व्हरमध्ये नव्हे, तर फळीतील सर्वांमध्ये एकदमच. नवे सर्व्हर सुदृढ होते, जुनेही होते; त्यांची बेरीज तेवढी सोसली नाही.

उपाय कळला तरी तो झटपट करता येत नव्हता. मर्यादा वाढवून टाकावी, तर तिचे परिणाम तपासलेले नव्हते. म्हणून वाढविलेले सर्व्हर काढून उरलेले पुन्हा सुरू करण्याचे ठरले. तेही सर्व एकदम करता येईना, कारण नुकताच सुरू झालेला सर्व्हर आपली माहिती जुळविण्यात आणि आलेल्या मागण्या भागविण्यात एकाच वेळी गुंतला तर दोन्ही कामे बिघडतात. तासाला काहीशे सर्व्हर, या गतीने काम चालले. रात्री १० वाजून २३ मिनिटांनी सेवा पूर्णपणे सावरली. थोडी वाढ एका तासात झाली होती. ती निस्तरण्यास दिवस गेला. पुढील उपायांत कंपनीने अधिक ताकदीचे पण संख्येने कमी सर्व्हर वापरण्याचे ठरविले. सर्व्हर कमी, म्हणून धागे कमी.

दोन्ही घटनांत आणखी एक गोष्ट समान होती. कोणती सेवा चालू आहे आणि कोणती बंद, हे ग्राहकांना सांगणारा सूचनाफलक ॲमेझॉनने उभारलेला आहे. २०१७ मध्ये तो फलक अद्ययावत करण्याची व्यवस्था स्वतःच एस थ्रीवर अवलंबून होती. सेवा पडली तरी फलकावर काही काळ ती चालूच दिसत राहिली. त्यानंतर फलक अनेक केंद्रांतून चालेल अशी तजवीज करण्यात आली. २०२० मध्ये पुन्हा अडचण आली, कारण फलकावर मजकूर लावण्याचे नेहमीचे साधन कॉग्निटो या सेवेवर चालत होते आणि कॉग्निटो किनेसिसवर विसंबून होती. या वेळी हाताने मजकूर लावण्याचा दुसरा मार्ग राखून ठेवलेला होता. परंतु तो वापरावयाची सवय मदत कक्षातील कर्मचाऱ्यांना नव्हती आणि फलकावर सूचना येण्यास विलंब झाला. त्या राखीव मार्गाचे प्रशिक्षण आता मदत कक्षातील कर्मचाऱ्यांना नियमितपणे देण्यात येईल, असे कंपनीने त्या घटनेनंतरच्या निवेदनात जाहीर केले.